डायल रंगवून मिळेल

पार्सल आलं त्या रात्री मी तीन वाजता उठून घड्याळ बघितलं. वेळ बघायला नव्हे, घड्याळच बघायला. खोलीत काळोख, नवरा घोरतोय, आणि उशाशी ठेवलेल्या ओमेगा सीमास्टरचे काटे हिरवेगार चमकताहेत. साठ वर्षांचं घड्याळ आणि अजून काजव्यासारखं जिवंत! मला अगदी भरून आलं. दुसऱ्या दिवशी हे मी घड्याळजीकाकांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर ते म्हणाले, "चमकतंय? मग आटोपलंच की."

काकांचं दुकान म्हणजे ठाणे स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. वरून कुणी धावत गेलं की खाली टेबलावरचे स्क्रू थरथरतात. डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, लावलेली असली की काका बोलत नाहीत, आणि कपाळावर सरकवली की थांबत नाहीत. त्या दिवशी ती बराच वेळ डोळ्याला होती.

पन्नाशीच्या वाढदिवसाला स्वतःलाच काहीतरी द्यायचं असं मी ठरवलं होतं. सोनं नको होतं, सहल तर अजिबात नको होती. चावीचं एक जुनं ओमेगा हवं होतं. शोरूममधल्या नव्याच्या किमतीत दारात स्कूटर उभी राहते आणि वर पैसे उरतात, म्हणून जुनं. दोन महिने रात्री मोबाइलवर शोधत होते. शेवटी मुंबईतल्याच एकाची जाहिरात सापडली : '१०० टक्के ओरिजिनल, १९६६ मॉडेल, सर्व्हिस केलेलं, रेअर ब्लू डायल'. २८,००० रुपये. फोटोत ते निळं डायल असं काही झळकत होतं की मी विचारायला हवं होतं ते काहीच विचारलं नाही.

"हे वाचा," म्हणत काकांनी आयग्लास माझ्या हातात दिली. डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या आकड्याखाली, 'स्विस मेड' लिहिलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक 'टी'. टी म्हणजे ट्रिटियम. पूर्वी काटे अंधारात दिसावेत म्हणून रेडियम लावायचे. त्याचा किरणोत्सर्ग घातक, म्हणून १९६० च्या दशकात त्याच्या जागी ट्रिटियम आलं आणि ते १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकलं. ट्रिटियम साधारण बारा वर्षांत निम्मं होतं. साठ वर्षांत पाचदा निम्मं, म्हणजे उरला बत्तिसावा हिस्सा, आणि त्याच्या जोरावर चमकणारी भुकटीही तोवर थकलेली. अशा घड्याळाचे ठिपके आज सायीसारखे पिवळट दिसायला हवेत. टॉर्च मारली तर क्षणभर उजळून विझायला हवेत. माझे रात्री तीनला चमकत होते, कारण ते बहुधा गेल्या वर्षी लावलेले होते.

मग काका एकेक दाखवत गेले. 'ओमेगा'चं ते घोड्याच्या नालेसारखं चिन्ह धातूचं, वेगळं बसवलेलं. त्याच्या पायाशी निळा रंग साचला होता, खिडकीच्या गजाशी ऑइल पेंट साचतो तसा. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळायला हव्यात. तीनपर्यंत जुळत होत्या, चारला एक केसभर डावीकडे सरकली होती आणि सहापर्यंत सगळी रांगच बिघडली होती. 'सीमास्टर' या अक्षरांच्या कडा भुरकट. कारखान्यात ही अक्षरं कोरलेल्या पत्र्यावरून मऊ गादीनं उचलून डायलवर उतरवतात. भिंगाखाली ती धारदार आणि किंचित उठून दिसतात, नव्या नोटेवरची छपाई बोटाला लागते तशी. माझ्या घड्याळावरची अक्षरं पावसात भिजलेल्या लग्नपत्रिकेवरची होती.

काचेच्या बरोबर मध्यावर कंपनीनं एक सूक्ष्म ओमेगा कोरलेला असतो, काच तिरकी धरली की दिसतो. इथे नव्हता. चावीच्या टोकावर असतो, तोही नव्हता. मागच्या ढाकणावर समुद्रघोडा असायला हवा, तो पॉलिश करून करून इतका गुळगुळीत झाला होता की गणपतीत विसर्जनानंतर किनाऱ्याला लागलेल्या मूर्तीची आठवण यावी. केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या बॉडीच्या, सगळ्या कडा वितळलेल्या, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या.

शेवटी ढाकण उघडलं. आत मात्र सगळं लख्ख. तांब्याच्या कळशीच्या रंगाचं मशीन, त्यावर नाव, त्यावर नंबर, आणि तो नंबर १९६६ च्या आसपासचाच.

"म्हणजे खोटं आहे?" मी विचारलं.

"खोटं कसं? मशीन ओमेगाचं. बॉडी ओमेगाची. डायलपण खाली ओमेगाचंच आहे, ताई."

"मग?"

"वरचा रंग मुंबईचा आहे."

जगभरच्या जुन्या घड्याळांच्या वेडात या प्रकाराला नावच आहे : मुंबई स्पेशल. टोकियोचा किंवा टेक्सासचा माणूस जपानी सेइको फाइव्ह शोधताना भगव्या, पोपटी, जांभळ्या डायलचं चकचकीत घड्याळ स्वस्तात बघतो आणि म्हणतो, हे मुंबई स्पेशल, हात लावू नका. आपल्या शहराचं नाव जगात इतक्या अपमानानं दुसरीकडे कुठे घेतलं जात असेल असं मला वाटत नाही. सेइकोच्या बाबतीत ते पकडणं त्यातल्या त्यात सोपं. मागच्या ढाकणावर चार आकडी मशीन नंबर असतो, सात-शून्य-शून्य-नऊ वगैरे, आणि डायलच्या तळाशी अतिसूक्ष्म अक्षरांत तोच पुन्हा येतो. रंगारी ती ओळ बहुधा गाळतो, किंवा भलतीच छापतो.

मी चिडले होते. फसवलं गेल्याची चीड असतेच, पण त्याहून जास्त रात्री तीनला गहिवरल्याची. काका मात्र त्या डायलकडे ओळखीचं माणूस भेटल्यासारखे बघत होते. म्हणाले, "वाईट काम नाहीये. घाईत केलंय इतकंच." मग आयग्लास कपाळावर गेली.

ते शिकाऊ होते तेव्हा आठवड्याला दहा-बारा डायल लोकलने मुंबईला जायची. आगपेटीत कापूस, कापसात डायल, वर चिठ्ठी : काळं, पांढरं, 'होतं तसं'. रंगारी जुना रंग काढायचा, पितळेची चकती घासायचा, नवा रंग फवारायचा, वर अक्षरं छापायचा. दुकानाच्या फळीवर तेव्हा खडूनं लिहिलेलं असायचं, 'डायल रंगवून मिळेल'. कुणाला यात काही लपवायचं नव्हतं. उलट ती दुकानाची जाहिरात होती.

आणि हे मुंबईतच का व्हावं, याचं उत्तर मला आकाशात आणि सरकारी धोरणात मिळालं. स्विस घड्याळं या शहरात फार लवकर आली. फेवर ल्युबा १८६५ मध्ये भारतात आली, वेस्ट एंड कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच उभी राहिली आणि घोडेस्वारांच्या नावानं 'सोवार' घड्याळं विकू लागली. शंभर वर्षं लोकांच्या मनगटावर स्विस माल साठत गेला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. १९६१ पासून एचएमटीची घड्याळं बनू लागली, पण आधीच्या लाखो स्विस घड्याळांचे सुटे भाग आणायचे कुठून? चोरट्या मार्गानं किनाऱ्यावर घड्याळं उतरायची, त्यांची डायलं वेगळी उतरत नव्हती. त्यात आपला पाऊस. चार महिने भिंतींना बुरशी धरते, पापड मऊ पडतात, तिथे इंचभर पितळावरच्या लाखेची काय कथा? कडेनं काळपट डाग सुरू व्हायचे आणि आत सरकत यायचे. नवं डायल मिळत नाही, घड्याळ सासऱ्यानं दिलेलं, टाकवत नाही. मग घराला लग्नाआधी काढतात तसा रंग काढायचा.

हे मला परकं नव्हतं. बाबांच्या हातावर १९७२ पासून एकच घड्याळ आहे, फेवर ल्युबाचं सी चीफ. माझ्या आजोबांनी जावयाला लग्नात दिलेलं. आमच्या घरी त्याला 'फेवरलुबा' असं एका दमात म्हणतात. २६ जुलै २००५ ला बाबा कुर्ल्याहून पाण्यातून चालत निघाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. छत्री गेली, चप्पल गेली, डबा गेला, घड्याळ हातात होतं आणि काचेच्या आत पाणी हेलकावत होतं. पंधरा दिवसांनी ते चालू झालं. डायल मात्र तपकिरी पडलं, चहा सांडून सुकलेल्या कागदासारखं. बाबांनी ते रंगवून घेतलं. २५० रुपये. परत आलं तेव्हा आईनं ते देवापुढे ठेवलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. आता भिंगातून बघितलं तर 'फेवर'मधलं एक अक्षर चक्क वाकडं आहे. बाबांना सांगितलं. म्हणाले, "तेव्हाच दिसलं होतं. पण त्यानं एवढं केलंन, कशाला बोलायचं?"

म्हणजे आमच्या घरातलं सर्वांत खरं घड्याळही मुंबई स्पेशलच.

आता एक वेगळी गोष्ट. नोव्हेंबर २०२१, जिनिव्हा. लिलावात एक ओमेगा स्पीडमास्टर आलं, १९५७ चं, अगदी पहिल्या खेपेतलं. त्याचं मूळचं काळं डायल ऊन-दमटपणानं उतरून एकसारखं चॉकलेटी झालेलं. या अशा रंग उतरलेल्या डायलला जाणकार लोक 'ट्रॉपिकल' म्हणतात, उष्ण कटिबंधातलं. म्हणजे आपल्याकडचं. फार तर एक लाख वीस हजार स्विस फ्रँक येतील असा अंदाज होता. गेलं ३१ लाखांहून अधिक फ्रँकला, तेव्हाच्या भावानं साधारण २५ कोटी रुपये. विकत घेतलं खुद्द ओमेगानं, आपल्या संग्रहालयासाठी. आणि २०२३ मध्ये कंपनीनंच सांगितलं की ते घड्याळ जोडाजोडीचं होतं, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग, बरेचसे खरेच, एकत्र करून उभं केलेलं. आणि या उद्योगात कंपनीतलेच काही माजी कर्मचारी सामील होते.

याचा फोटो मी बाबांना मोबाइलवर मोठा करून दाखवला. किंमतही सांगितली. त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "पण डायल पार गेलंय गं याचं. रंगवून नाही का घ्यायचं?"

हसून झाल्यावर मला ते वाक्य सोडेना. ज्या डागाची बाबांना लाज वाटली, तो पुसायला त्यांनी २५० रुपये मोजले. तोच डाग तिकडे कोटींनी विकला जातो, इतका की त्याच्यासाठी अख्खं घड्याळ जुळवून उभं करावंसं वाटतं. इथला रंगारी जुन्याला नवं करत होता, तिकडची मंडळी जुनेपणाच रचत होती. अप्रतिष्ठेचं नाव मात्र इथल्याला मिळालं. मला हे पटत नाही. रंगाऱ्यानं कुणाला फसवलं नव्हतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं, काय करायचं ते त्यानंच सांगितलं होतं. फसवणूक झाली ती नंतर, जेव्हा ते घड्याळ माळ्यावरून उतरलं, भंगारवाल्यामार्फत चोर बाजारात गेलं, तिथून कुणाच्या तरी पोटमाळ्यावर फोटो काढून '१०० टक्के ओरिजिनल' या शब्दांसकट विकायला लागलं. डायल तेच. मधल्या काळात त्यावर फक्त एक वाक्य चढलं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे : तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला. भाऊसाहेबांना ओळखणाऱ्यांसमोर त्याच्या चौकशा झाल्या, तरी मानणारे मानतच राहिले, आणि शेवटी १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. त्या माणसाचा चेहरा हा काही गुन्हा नव्हता. भाऊसारखं दिसणारी आणखीही माणसं असतील. गुन्हा 'मी भाऊ' या म्हणण्यात होता. आणि लोकांनी मानलं, कारण त्यांना भाऊ परत यायला हवा होता. मला जसं निळं डायल हवं होतं.

सरळसरळ नकली घड्याळांचा कारभार वेगळा, त्यावर मी फार रेंगाळणार नाही. 'फर्स्ट कॉपी' हा आपल्या बाजारातला शब्दच किती अदबशीर आहे बघा, जणू विद्यापीठाची मार्कशीट. पूर्वी रोलेक्स ओळखायची एक युक्ती सगळे काका-मामा सांगायचे : सेकंदकाटा टकटक उडाला तर नकली, सरकत गेला तर असली. ती आता कुचकामी आहे. आजच्या रोलेक्सचा काटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो, पण दोन-चार हजारांच्या ऑटोमॅटिकचा काटाही सहा-आठ पावलं टाकतो, आणि उघड्या डोळ्याला दोन्ही सरकतानाच दिसतात. तारखेवरचं भिंग तारीख अडीचपट मोठी दाखवतं, नकलीत ती बारीक दिसते, ही युक्ती थोडी बरी. पण आता चीनमधून येणाऱ्या वरच्या दर्जाच्या नकलांत भिंगही बरोबर, वजनही बरोबर, आणि आतलं मशीनही ढाकण उघडल्याशिवाय कळणार नाही असं. डबा, कागद, वॉरंटी कार्ड यांवर तर विसंबूच नये. रिकामे खरे डबेसुद्धा ऑनलाइन वेगळे विकत मिळतात. रोलेक्सच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कुणालाही भिंगाशिवाय कळू शकते. कंपनी आपली नवी घड्याळं ऑनलाइन विकतच नाही, अधिकृत दुकानात जावं लागतं. तेव्हा 'नवं कोरं रोलेक्स, घरपोच, आज ६० टक्के सूट' हे वाक्य वाचलं की पुढचं काही वाचायची गरज उरत नाही.

सोन्याचं बरं असतं. सराफ कसोटीवर रेघ ओढतो, आता तर दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबरही असतो. घड्याळाला असा दगड नाही. आणि ऑनलाइन तर हातात घड्याळच नसतं, असतात ते चार फोटो, तेही विकणाऱ्यानं त्याच्या सोयीनं काढलेले. म्हणून काकांनी मला शिकवलं ते घड्याळ तपासायला कमी आणि माणूस तपासायला जास्त. जाहिरातीतल्या घड्याळात नेहमी दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. त्याला सांगायचं, काटे पाच वाजून पस्तीसवर लाव, शेजारी चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिही, आणि फोटो पाठव. घड्याळ खरंच त्याच्या हातात असेल तर दहा मिनिटांचं काम. दुसऱ्याचे फोटो उचललेले असतील तर त्याची आई त्याच दिवशी आजारी पडते. मग ढाकण उघडून मशीनचा फोटो मागायचा. डायलचाही फोटो, काच काढून, निदान तिरक्या उजेडात, अगदी जवळून. मशीनवरचा नंबर नेटवर टाकून बघायचा. नकलांत एकच नंबर शेकडो घड्याळांवर असतो. आणि पैसे त्याच्या खात्यात आधी ढकलायचे नाहीत, मग तो कितीही 'मॅडम, ट्रस्ट करा' म्हणो. जिथे घड्याळ हातात पडून तपासून होईपर्यंत पैसे मध्ये अडकून राहतात, तिथेच व्यवहार करायचा.

"आणि सरळ विचारायचं," काका म्हणाले, "डायल रंगवलंय का? ओरिजिनल आहे का असं नाही विचारायचं."

या दोन प्रश्नांतला फरक मला विकणाऱ्याला फोन केल्यावर कळला. मी तावातावानं बोलत होते, तो शांत होता. "मॅडम, ओरिजिनलच आहे. मशीन ओरिजिनल, बॉडी ओरिजिनल. डुप्लिकेट मी ठेवतच नाही." त्याच्या बाजारात 'ओरिजिनल'ची दुसरी बाजू 'डुप्लिकेट' ही होती. माझ्या डोक्यात ती 'हात लावलेलं' ही होती. आम्ही दोघं एकच शब्द दोन कोशांतून वाचत होतो. "डायल तर सगळेच करतात, मॅडम. नाहीतर घेईल कोण?" हा खरा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. डागाळलेल्या डायलचा फोटो असता तर मी बोट वर सरकवून पुढे गेले असते, हे मला माहीत होतं. अर्थात म्हणून मी त्याला सोडलं नाही. 'ओरिजिनल' शब्दाच्या मागे दडायला १९६६ आणि 'रेअर' हे शब्द कुणी सांगितले होते? बरीच घासाघीस होऊन त्यानं ५,००० रुपये परत पाठवले. परत करायची मुदत काकांच्या गप्पांत संपून गेली होती.

घड्याळ दिवसाला दहा सेकंदं पुढे जातं, याहून तक्रार नाही. काकांनी ते साफ करून तेल घालून दिलं. महिनाभर घातलंही. पण मनगट वळलं की ती चाराजवळची सरकलेली रेघ दिसायची, आणि बाबांच्या घड्याळातलं वाकडं अक्षर मला जितकं गोड वाटतं तितकीच ही रेघ बोचायची.

शेवटी गेल्या आठवड्यात मीच ते विकायला काढलं. जाहिरात प्रामाणिक लिहायची असं ठरवून बसले. मशीन मूळचं, साल १९६६ च्या आसपास. डायल मुंबईत रंगवलेलं, चार ते सहामधल्या रेघा सरकलेल्या, जवळून फोटो जोडला आहे. चावी आणि काच नंतरची. केस पॉलिश होऊन झिजलेली. काटे अंधारात चमकतात, चमकायला नको होते. किंमत १५,०००.

तिघांचे मेसेज आले. पहिल्यानं विचारलं, बारा हजाराला देता का. दुसऱ्यानं विचारलं, डबा आहे का. तिसरा कोल्हापूरचा, वडिलांच्या पंचाहत्तरीला द्यायचंय म्हणाला, निळं डायल फार आवडलं, फोटो आईलाही दाखवले. मग लिहिलं, "पण ताई, ओरिजिनल आहे ना?"

तिकडे त्याला बराच वेळ 'टायपिंग' दिसत असणार. मी तीनदा लिहून खोडलंय.